खिडकीतली माझी जागा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती झिजलो, किती सोसले आणि तरी कोणाबद्दल मनात वाईट कसे आणले नाही, हेच सांगत राहतात. मी मनात पुष्कळ वाईट आणले. सापाच्या एका पिल्लाचे वाईट चिंतले, आणि चिंतताना मला बरेसुद्धा वाटले.

माझा जन्म आमच्या थंड, कालव्यांच्या मुलखातल्या वर्कुम गावच्या भट्टीतला. मला घडवणारा कुंभार भारी गप्पिष्ट होता. बोलण्याच्या नादात त्याने माझे पोट जरा जास्तच दाबले आणि मी बसकी झाले. भट्टीतून काढल्यावर तो म्हणाला, "ही काही देखणी नाही, पण जोडीत खपून जाईल." आमच्याकडे कुंड्या जोडीनेच विकतात, कारण खिडकीत त्या जोडीनेच ठेवायच्या असतात, एक या कोपऱ्यात आणि एक त्या. माझी जोडीदारीण उंच आणि सडपातळ होती. दुकानात लोक आधी तिच्याकडे बघत. मत्सराची सवय मला तिथेच लागली.

आम्हाला बाउक्येने विकत घेतले. बाउक्ये बोल्सवर्डच्या कालव्यावरचा पूल चालवते. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली. उन्हाळाभर हेच काम, त्यामुळे गावातला एकही माणूस तिला अनोळखी नाही. तिने आमच्यात नेचे लावले आणि आम्हाला रस्त्याकडच्या खिडकीत बसवले. ती खिडकी उत्तरेची. ऊन येत नाही, पण सगळी गल्ली दिसते आणि गल्लीला आम्ही दिसतो. आमच्या गल्लीत पडदे असतात ते धुऊन इस्त्री करून टांगायला. ते ओढत कोणी नाही. संध्याकाळी दिवे लागले तरी घरातली खोली येणाऱ्याजाणाऱ्याला आरपार दिसली पाहिजे. ज्याचे पडदे बंद, त्याच्या घरात काहीतरी लपवाछपवी चालली आहे असे लोक समजतात.

जोडीदारीण एका कडक हिवाळ्यात गेली. बाउक्ये तिला बाहेरच्या पायरीवर विसरली, आतली ओली माती गोठून फुगली आणि ती उभी चिरली. मला वाईट वाटले, पण खरे सांगायचे तर थोडेच वाटले. कारण त्यानंतर बाउक्येचे सगळे लक्ष माझ्यावर आले. दर शनिवारी ती मला ओल्या फडक्याने पुसायची, पाणी घालायची आणि नेचा एका अंगाला कलू नये म्हणून मला जराशी फिरवून ठेवायची. रस्त्यावरच्या बायका थांबून म्हणायच्या, "बाउक्ये, नेचा काय माजलाय गं तुझा!" बाउक्ये हसायची आणि मी आतल्या आत फुगायचे. अशी माझी कितीतरी वर्षे सुखात गेली.

मग बाउक्येच्या धाकट्या भावाचा संसार मोडला. हिल्के त्याचे नाव. तो आपल्या लेकीला घेऊन बहिणीकडे राहायला आला. लेक अकरा वर्षांची, रेन्स्के. लांब हातापायांची आणि गप्प. नव्या शाळेत जायची आणि एकटीच परत यायची. घरात शिरण्याआधी कालव्याच्या कडेला थांबून डब्यातली चीज लावलेल्या पावाची जोडी बदकांना घालायची. रोज. घरात हे कोणाला माहीत नव्हते, पण मी खिडकीत बसलेली असल्यामुळे मला सगळे दिसत होते.

वाढदिवसाला काय हवे असे विचारल्यावर रेन्स्केने एकच गोष्ट मागितली, आणि स्वयंपाकघरात मोठा तमाशा झाला.

"साप?" बाउक्ये ओरडली. "हिल्के, माझ्या घरात साप?"

"अगं ताई, पिल्लू आहे. पेन्सिलीएवढं जाड. विषारी नाही, काही नाही."

"पेन्सिलीला मी घाबरत नाही. पेन्सिल आपली आपण उठून पांघरुणात शिरत नाही."

"आत्या, ते नाही शिरणार," रेन्स्के म्हणाली. "झाकणाला दोन कड्या आहेत. मी रोज बघीन."

"पाय नसलेल्या प्राण्याचा काय भरवसा गं? कुठून निघाला, कुठं गेला, पाऊलसुद्धा वाजत नाही!"

मी खूश होते. बाउक्ये माझी, घर बाउक्येचे, आणि आम्हा दोघींना साप नको होता. पण रेन्स्के नुसती मान खाली घालून टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिली. बाउक्येला हट्टाशी भांडता येते, पण असल्या गप्प बसण्याशी नाही. "बरं बाई, आण," ती म्हणाली.

साप घेऊन सीप आला. हा स्नेक नावाच्या शेजारच्या गावचा म्हातारा घरीच साप वाढवतो आणि ओळखीच्यांनाच देतो. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत नारिंगी रंगाचे, पाठीवर तांबड्या ठिपक्यांचे एक वेटोळे. काचेची पेटी कुठे ठेवायची यावर खूप चर्चा झाली. माळ्यावरची रेन्स्केची खोली गारठलेली, मागची खोली ओलसर. शेवटी हिल्केने माझ्याकडे बोट केले. "खिडकीचा कट्टा छान आहे की. ही कुंडी खाली ठेवू. तात्पुरती."

मित्रांनो, तात्पुरती म्हणून खाली ठेवलेली वस्तू पुन्हा वर गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मला हीटरशेजारच्या एका स्टुलावर बसवले आणि माझ्या जागी ती पेटी बसली.

सीप निघताना रेन्स्केला म्हणाला, "पोरी, नीट ऐक. आठवडाभर याला हात लावायचा नाही. सारखं बघायचंसुद्धा नाही. आणि खाल्लं की पुढं दोन दिवस हात लावायचा नाही. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, आणि दोन्हीकडं लपायला जागा. आपण कुणाला दिसत नाही असं वाटलं ना, की मग सापाला भूक लागते."

रेन्स्केने सगळे तसेच केले. एका टोकाखाली गरम होणारी चटई, तिच्यावर लक्ष ठेवणारे यंत्र, पाण्याचे वाडगे, आणि दोन्ही टोकांना संडासच्या कागदाच्या पुठ्ठ्याची एकेक नळी. पिल्लू एका नळीत शिरले ते शिरलेच. हिल्केने नाव ठेवले फेटर, म्हणजे बुटाची नाडी, आणि नाडी म्हणून पिल्लू सगळ्यांसाठी 'ती' झाले. रेन्स्के तिचे पाणी रोज बदलायची. मला पाणी शनिवारी मिळायचे आणि त्या शनिवारी तेही मिळाले नाही, कारण बाउक्ये उंबऱ्यात उभी राहून पोस्टमनशी बोलत होती.

"खिडकीत काय नवीन, बाउक्ये?" त्याने विचारले होते. बाउक्येला कोणी काही विचारले आणि ती गप्प बसली असे कधी झालेले नाही. ती चपला घालून बाहेर गेली आणि सांगू लागली. "मूळचा अमेरिकेकडचा हो. मक्याच्या शेतात उंदीर खात फिरतो. आणि थंडगार नसतो हाताला, लोक उगाच म्हणतात!" तिने तोपर्यंत त्या सापाला बोटही लावलेले नव्हते. पोस्टमननंतर पाववाला थांबला, मग दोन बायका, मग शाळेची पोरे. बाउक्ये प्रत्येकाला सांगत होती आणि दर वेळी साप थोडा लांब होत होता. माझ्यासाठी ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मी स्टुलावर बसून जळत होते. नेच्याची टोकेही हीटरने जळत होती, पण तिकडे कोणाचे लक्ष होते?

आणि मग बाउक्येने ठरवले की साप दाखवायला माणसे बोलवायची.

"घरात नवा जीव आलाय," ती म्हणाली. "नवा जीव आला की गावाला टोस्ट द्यायचे असतात. लोक काय म्हणतील, पूलवाली बाउक्ये कंजूष आहे?"

आमच्याकडे बाळ जन्मले की गोल टोस्टांना लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेप पसरतात आणि बघायला येणाऱ्यांना देतात. मुलगी असली तर गुलाबी, मुलगा असला तर निळी. त्या गोळ्यांना सगळे उंदरेच म्हणतात, कारण बडीशेपेची शेपटी बाहेर राहते. फेटरचे एवढ्यात नक्की काही सांगता येत नाही असे सीप म्हणाला होता, म्हणून बाउक्येने दोन्ही रंग आणले.

रेन्स्के कुजबुजली, "आत्या, अजून आठवडा झाला नाही."

"अगं, बघितल्यानं झिजते का ती? आणि हे काय खिडकीत! पाहुणे येणार आणि संडासच्या कागदाच्या नळ्या?" बाउक्येने झाकण उघडले, दोन्ही नळ्या चिमटीत धरून बाहेर काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

"ती तिची घरं आहेत!"

"मग लोकांनी बघायचं काय? नळ्या?"

रेन्स्केने झाकणाच्या कड्या लावल्या. तिचा सगळा वर्ग येणार होता. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच वर्गातल्या मुली तिच्याशी बोलल्या होत्या, आणि त्या सापामुळे बोलल्या होत्या. ती नळ्यांच्या बाजूने उभी राहिली नाही. मला ते समजले आणि मी तिला दोष दिला नाही. माझे म्हणाल, तर त्या नळ्या गेल्याचे मला दुःख नव्हतेच.

बुधवारी घर माणसांनी भरले. शेजारचा म्हातारा दाउवे सर्वांत आधी आला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांचे हात हातात घेत सुटला. "अभिनंदन बाउक्ये! अभिनंदन हिल्के! अभिनंदन रेन्स्के!" मग पेटीपुढे वाकला. "अभिनंदन, बाळ. कुणावर गेलंय हे?"

"आत्यावर," हिल्के म्हणाला. "जीभ बघा ना, क्षणभर आत राहत नाही."

सगळे हसले. बाउक्येसुद्धा हसली, लाजली आणि टोस्टांची थाळी पुढे करत म्हणाली, "घ्या, उंदरं घ्या." मग कोणीतरी म्हणाले, "हातात देता का?" आणि फेटर या हातातून त्या हातात निघाली. कोणाच्या बाहीत शिरायला बघत होती, कोणाच्या बोटांमधून खाली सुटायला बघत होती. मुली किंचाळत होत्या आणि पुन्हा मागत होत्या. दाउवेने उरलेली कॉफी शांतपणे माझ्या मातीत ओतली आणि कप माझ्या नेच्यात टेकवला. मी त्या घराची एके काळची शोभा, मित्रांनो. पण त्या दिवशी मला सर्वांत जास्त लागले ते कॉफीचे नव्हे. रेन्स्केने पिल्लू बाउक्येच्या तळहातावर ठेवले आणि बाउक्ये हलक्या आवाजात म्हणाली, "किती हलकी आहे गं ही." तो आवाज माझा होता. शनिवारी मला पुसताना ती याच आवाजात बोलायची.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचे सुरू झाले. फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीमागे गोठवलेली उंदराची पिल्ले होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान. रेन्स्केने एक बाहेर काढून पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवले.

"मायक्रोवेव्हमध्ये फिरवून देऊ का?" बाउक्येने विचारले. "पटकन होईल."

"नको आत्या! फुटेल!"

रेन्स्केने ते पुसून कोरडे केले आणि लांब चिमट्यात धरून पेटीत नेले. बाहेर, खिडकीच्या काचेला पोरांची नाके चिकटली होती. फेटरने उंदराकडे पाहिलेच नाही. ती पेटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, वाडग्याखाली डोके खुपसायला बघू लागली, आणि ते जमेना तेव्हा काचेला नाक घासत राहिली. पोरे कंटाळून गेली. उंदीर कचऱ्यात गेला.

पुढच्या आठवड्यातही तेच झाले, आणि त्यापुढच्याही. "आम्हीच तेवढी उंदरं खाऊन बसलो," हिल्केने विनोद करून पाहिला, पण कोणी हसले नाही. फेटरच्या पाठीची रेघ वर दिसू लागली. मित्रांनो, मला आनंद झाला. आज सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी लाजबीज काही वाटली नाही. मनात म्हटले, बघा, एवढे ऊब देणारे यंत्र, एवढे ताजे पाणी, आणि बाईसाहेब जेवत नाहीत. आमच्या नेच्याला कोणी विचारत नाही तरी तो बिचारा जगतो आहे.

गुरुवारी सीपचा फोन आला. रेन्स्केने तो स्पीकरवर ठेवला.

"नाही खाल्लं?"

"नाही."

"हं. पोरी, राग मानू नको. रविवारी मी येतो. तोवर खाल्लं तर उत्तम. नाहीतर मी तिला परत नेतो. ती तुझ्या डोळ्यांसमोर वाळत गेलेली मला नको आणि तुलाही नको."

फोन ठेवल्यावर रेन्स्के पेटीसमोर उभी राहिली. बाहेर अंधारून येत होते, नोव्हेंबर होता, आणि आमच्या खोलीत दिवा लागल्यामुळे गल्लीतून दोघेतिघे आत बघत उभे होते. माझ्या मनात रविवारचे बेत सुरू झाले. पेटी जाईल, कट्टा रिकामा होईल, बाउक्ये मला उचलेल.

"आत्या, पडदा ओढ," रेन्स्के म्हणाली.

"काय?"

"पडदा. सगळे बघतात तिला. सारखे बघतात."

"वेडी आहेस का? या घराचे पडदे एकदाच ओढलेत, तुझे आजोबा या खोलीत मरून पडले होते तेव्हा. आपल्या गल्लीत पडदा ओढला म्हणजे घरात मयत झाली. लोक काय समजतील?"

"समजू देत."

"आणि बघतात तर बघू देत ना! कौतुकानं बघतात. कौतुकानं कुणाची भूक मरते?"

"माझी मरते!" रेन्स्केचा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मला माहीत नव्हते. "शाळेत सगळे बघतात मी डबा उघडला की. नवीन मुलगी काय खाते, कशी खाते. मी नाही खात. मी रोज बदकांना घालते. रोज, आत्या!"

बाउक्ये खुर्चीत बसली. हिल्के दारात उभा होता, तो पुढे आला आणि पुन्हा थांबला. मग बाउक्ये उठली. तिने काचेलगतचा पडदा धरला आणि ओढला. इतक्या वर्षांत दांडीवर गंज चढला होता, कड्या हलेनात. पण पूल उचलणारे हात ते, तिने दोन्ही पाय रोवले आणि जोर लावला. पडदा एकदम सुटला, बाउक्ये तोल जाऊन मागे आली आणि तिच्या कमरेचा धक्का माझ्या स्टुलाला बसला.

मी पडले. माझ्या कडेचा तळहाताएवढा तुकडा निघून कपाटाखाली गेला, माती जमिनीवर पसरली आणि नेचा उताणा पडला. मी वाट पाहिली. एवढ्या वर्षांची सोबत होती, बाउक्ये ओरडेल, निदान वाकेल असे वाटले. ती म्हणाली, "शू! आवाज करू नका, ती घाबरेल." आणि मला ओलांडून पेटीकडे गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एवढा मत्सर कधी वाटला नाही. भट्टीतसुद्धा मी एवढी तापले नव्हते.

पाचच मिनिटांत बेल वाजली. दारात दाउवे, टोपी हातात घेऊन. त्याच्या मागे समोरच्या घरातली बाई, तिच्या हातात सूपचे पातेले.

"बाउक्ये," दाउवे घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं गं?"

"कुणी नाही."

"मग पडदे?"

"आमच्याकडं जेवणं चाललीत," बाउक्ये म्हणाली. "जेवताना आम्हाला कुणी बघितलेलं चालत नाही. आजपासून." तिने सूप मात्र ठेवून घेतले.

जमीन झाडायला रेन्स्के खाली बसली. तिने मला उचलून माझ्यातली माती झटकली. मग माझ्या कडेच्या भगदाडाकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"आत्या, ही मला देशील? फेटरला?"

बाउक्येने तेव्हा कुठे मला पाहिले. तिने हात पुढे केला आणि माझ्या पोटावरून फिरवला. "माझा नेचा होता गं हिच्यात." मग म्हणाली, "ने. पण गरम पाण्यानं धू, आणि ती कड घास, नाहीतर तिचं अंग कापेल. आणि नीट ठेव. माझी कुंडी आहे ती."

माझी कुंडी. तिने हे अगदी सहज म्हटले, पण मला तेवढे पुरले. नेचा कचऱ्याच्या बादलीत गेला. हिल्केने पॉलिश पेपरने माझी तुटकी कड गुळगुळीत केली आणि तळाच्या भोकात बूच बसवले. "इथून ती निघायला बघेल," तो म्हणाला, "आणि पोट भरलेलं असलं की मधेच अडकेल." मग त्यांनी मला पेटीत गार टोकाला उलटी ठेवली. तुटलेल्या जागेचे दार झाले.

मी मनाशी ठरवले होते की तिला आत घ्यायचे नाही. पण कुंडीला कोणाला अडवता येत नाही. पडदा बंद होता आणि खोलीत दिव्याचा मंद पिवळा उजेड होता. फेटर पेटीच्या कडेकडेने आली, दाराशी थांबली, जीभ बाहेर काढून माझा वास घेतला आणि आत शिरली. एक वेढा, दुसरा वेढा. मग तिने आपली पाठ माझ्या भिंतीला टेकवली. काचेपलीकडून ती मला किती ऐटबाज वाटली होती! आत आल्यावर कळले की तिच्यात ऐट मुळीच नव्हती. ती नुसती घाबरलेली होती, आल्या दिवसापासून. हळूहळू तिचे वेढे सैल पडले आणि श्वास संथ झाला.

शुक्रवारी तिला कोणी काही दिले नाही, कोणी झाकणही उघडले नाही. शाळेची पोरे आली, बंद पडदा पाहून निघून गेली. रेन्स्के जिन्यात उभी राहून त्यांचे आवाज लांब जाताना ऐकत होती. तिला रडू येत होते, पण तिने पडदा उघडला नाही. एक मुलगी तेवढी बेल वाजवून आत आली आणि साप बघायचा नाही म्हटल्यावरही स्वयंपाकघरात बसून राहिली.

शनिवारी संध्याकाळी रेन्स्केने उंदीर कोमट केला, चिमट्याने माझ्या दाराशी ठेवला आणि दिवा मालवून निघून गेली. भिंतीपलीकडून वाटाण्याच्या सूपमध्ये चमचे बुडाल्याचे आवाज येत होते. माझ्या आत फेटरने डोके उचलले. जीभ निघाली, आत गेली, पुन्हा निघाली. मग ती दाराकडे सरकली, थबकली, आणि एकदम झेपावली. उंदीर तिने ओढत आत आणला, माझ्या पोटात, आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. खूप वेळ लागला. ते पाहायला पोस्टमन नव्हता, दाउवे नव्हता, बाउक्येही नव्हती. ते फक्त मी पाहिले.

रेन्स्के आली तेव्हा दारात उंदीर नव्हता. ती ओरडली नाही. तिने पेटीत सगळीकडे नजर फिरवून खात्री करून घेतली. मग माझ्या जुन्या स्टुलावर बसली, दप्तर उघडले, डबा काढला आणि कालची चीज लावलेल्या पावाची जोडी खाऊ लागली. शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. बाउक्ये दारात आली, तिने ते पाहिले आणि मागून येणाऱ्या हिल्केला छातीवर हात लावून थोपवले. "चल आत," ती कुजबुजली. "बघत उभा राहू नको."

रविवारी सीप आला, कापडी पिशवी खांद्यावर टाकून. बंद पडदा पाहून तोही दारातच टोपी काढून उभा राहिला होता.

"खाल्लं," रेन्स्के म्हणाली.

"कुठाय? उचल ती कुंडी, बघू दे."

"नाही."

"अगं, पोट चाचपून बघतो नुसतं."

"खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. तुम्हीच सांगितलंत." ती पेटीसमोर हात पसरून उभी राहिली. हिल्केने तोंडावर हात धरून हसू दाबले.

सीप गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझ्या दारातून छोट्या टॉर्चचा उजेड आत सोडला. फेटरच्या अंगाच्या मधोमध छान गोल फुगवटा आला होता. तो बराच वेळ पाहत राहिला. मला त्याचे पाहणे आवडले नाही. मग त्याने टॉर्च विझवला, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि बाउक्येला विचारले, "कॉफी मिळेल का?"

तेव्हापासून मी इथे उलटी बसलेली आहे. खिडकीत आहे, पण पडद्यामुळे गल्लीला दिसत नाही. नेचा नाही. शनिवारचे फडके नाही. बाउक्येने उबदार टोकाला फेटरसाठी प्लास्टिकची एक गुहा आणली आहे, दगडासारखी दिसणारी, आणि जेवण झाले की फेटर पोट शेकायला तिच्यात जाऊन बसते. मला त्या गुहेचा फार राग येतो. पण भूक लागली की ती माझ्याकडे येते आणि घाबरली की माझ्याकडे येते.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या कुंडीची विनंती ऐका. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कोणी नवीन आले तर त्याला आधी पाठ टेकायला जागा द्या. टोस्ट मागाहून वाटा. त्याने जेवावे असे वाटत असेल तर ताट ठेवा आणि बाजूला व्हा. आणि माझ्या घरी कधी आलात, तर पेटीचे झाकण उघडू नका आणि मला उचलून आत कोण आहे ते बघू नका. ती जेवते आहे, आणि ती माझी आहे.